दोन किल्ल्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागणं शक्य नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. लागायचा तर आधी तो आत शिरायला हवा ना? आमच्या कॉम्प्युटरमध्ये आम्हालाच शिरता येईना, तिथे त्या बिचाऱ्या व्हायरसची काय कथा!

पण हे सगळं झालं कसं ते नीट क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्या बायकोचं ऐकाल आणि मलाच दोष द्याल.

मी परीक्षा मंडळात नोकरीला आहे. प्रश्नपत्रिका ठेवतात ते कोठार माझ्या ताब्यात. लोखंडी दार, त्याला दोन कुलपं आणि दोन किल्ल्या. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेडक्लार्ककडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. तो आपलं कुलूप उघडतो तेव्हा मी भिंतीकडे तोंड करतो, मी माझं उघडतो तेव्हा तो. दार किती वाजता उघडलं, किती वाजता बंद केलं, कशासाठी, याची नोंदवहीत नोंद आणि दोघांच्या सह्या. पाकिटाचं सील जरासं जरी हललेलं दिसलं तरी तो अख्खा संच रद्द करून जाळून टाकायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जादा प्रत काढायची नाही. जादा प्रत म्हणजे पेपर फुटलाच समजा. बावीस वर्षांत माझ्या कोठारातून एक ओळ बाहेर गेलेली नाही. आमच्या मंडळाचे विद्यार्थी नापास झाले असतील, पण प्रामाणिकपणे झालेत.

तर या आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरांना मागे व्हायरस लागला. कोठाराला नव्हे, बाहेरच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरांना. सकाळी सगळे पडदे काळे. तीन दिवस आम्ही सगळी पत्रं हाताने लिहिली, आणि तेव्हा कळलं की अर्ध्या कार्यालयाला आता स्वतःचंच अक्षर लागत नाही. कोणीतरी 'तुमची निवड झाली आहे, आत पाहा' अशी ईमेल उघडली होती म्हणे. कोणी उघडली त्याची चौकशी अजून चालू आहे. मी त्या चौकशी समितीत आहे, त्यामुळे याबद्दल जास्त बोलणं बरं नव्हे.

पण मी त्या दिवशी घरी आलो तो पाय ओढतच. आमच्या घरचा कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत खिडकीशी असतो, आणि त्यात आमच्या मुलीची आठ महिन्यांची मेहनत होती. मुलगी लाकडी खेळणी तयार करण्याचं शिक्षण घेते. म्हणजे ती आधी चित्र काढते, मापं घालते, चाक कुठे, खिळा कुठे, लहान मुलाचं बोट अडकणार नाही ना, सगळं बघते. दर सुट्टीत घरी येऊन तिने बारा खेळण्यांची चित्रं कॉम्प्युटरवर केली होती. त्यात एक चालता चालता शेपटी आपटणारी मगर आहे. ती पाहून मी स्वतः दहा मिनिटं हसत होतो. अशा मगरीला व्हायरस लागला तर?

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. शांत माणूस, कमी बोलतो. त्याने बसल्या बसल्या चार गोष्टी सांगितल्या. चांगलं अँटिव्हायरस टाका. ते वेळच्या वेळी अपडेट करा. अनोळखी ईमेल उघडू नका. आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

पहिल्या तीन मला पटल्या. चौथी ऐकून मी खुर्चीतून उठलोच.

"जादा प्रत?" मी म्हणालो. "तुम्ही शिकलेले दिसता. असं कसं बोलता?"

"सर, सगळेच ठेवतात."

"सगळे ठेवत असतील. म्हणून तर सगळ्यांचं फुटतं."

मग मी त्याला माझी पद्धत समजावून सांगितली. दोन माणसं, दोन अर्धे पासवर्ड. पहिला अर्धा मी टाकणार, दुसरा बायको. एकाचा दुसऱ्याला माहीत नाही. पाच वेळा चूक झाली की सील तुटलं असं समजायचं आणि आतलं सगळं पुसून जायचं, कोठारात होतं तसंच. आणि यातून मागच्या दाराने शिरायची वाट कोणालाही नको, तुम्हालासुद्धा.

"पुसूनच जायचं?" त्याने दोनदा विचारलं.

"पुसूनच."

त्याने करून दिलं. जाताना चपला घालत त्याने एकदा बायकोकडे बघितलं.

मग मी राहिलेलं काम पुरं केलं. इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली. ती फक्त रविवारी दहा मिनिटं लावायची, अँटिव्हायरसचं अपडेट करण्यापुरती, आणि मी समोर असताना. घरातले सगळे पेनड्राइव्ह गोळा केले आणि आतलं सगळं पुसून टाकलं. त्यातल्या एकात मुलीच्या चित्रांची प्रत होती. ती तर मी सगळ्यांत आधी पुसली, आणि त्या दिवशी मला झोपही छान लागली. नोंदवही आखली. कीबोर्डच्या वरच्या कडेला, जिथे ते बारीक दिवे असतात तिथे, एक चिठ्ठी चिकटवली: 'परवानगीशिवाय हात लावू नये.' मुलगी सुट्टी संपवून परत गेलेली, घरात माणसं तीन: आई, बायको आणि मी. तरी पद्धत ती पद्धत.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिने हे सगळं शांतपणे पाहिलं. "अहो, प्रयोग म्हणून ठीक आहे," एवढंच म्हणाली. पण तिने नियम पाळले. मी माझा अर्धा टाकताना ती भिंतीकडे बघायची, ती टाकताना मी. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतक्या विश्वासाने एकमेकांकडे पाठ आम्ही प्रथमच केली.

दोन महिने सुरळीत गेले. मग बायकोला पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे जावं लागलं. बहीण घर बदलत होती. आता किल्ली सांभाळणारा माणूस बाहेरगावी जाताना ती सोबत नेत नाही. ती रीतसर दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि घेणाऱ्याने ताबडतोब कुलूप बदलायचं, म्हणजे जुन्या माणसाला ते उघडता येणार नाही. घरात उरलं कोण? माझी आई.

आई सत्त्याहत्तर वर्षांची. पण ती साधी आई नव्हे. ती कोर्टात टायपिस्ट होती, तेहतीस वर्षं. न्यायाधीश बोलत जायचे आणि आई टाइप करत जायची, यंत्राकडे एकदाही न बघता. त्या तेहतीस वर्षांत तिने किती जणांना जन्मठेप टाइप केली याचा हिशोब नाही, आणि एकातही खाडाखोड नाही.

तिने आपला अर्धा पासवर्ड कसा ठेवला तो प्रकार ऐका. कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं ती बघतच नाही. ती मनात मराठी शब्द धरते आणि जुन्या टाइपरायटरवर बोटं जिथे पडायची तिथेच इथे पाडते. कॉम्प्युटरला त्यातून मिळतो तो इंग्रजी अक्षरांचा निव्वळ चिवडा. दुरुस्तीवाल्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच खूश झाला. असा पासवर्ड जगात कोणाला ओळखता येणार नाही, म्हणाला. मी अभिमानाने आईकडे बघितलं. आई गालातल्या गालात हसली. ती प्रत्येक वेळी आपला अर्धा टाकून झाला की तशी हसायची. मला वाटायचं, कामाचं समाधान.

आता तो शनिवार. त्या दिवशी सकाळी मी बाजारातून कीबोर्डवर घालायचं प्लॅस्टिकचं पातळ कव्हर आणलं होतं. व्हायरस त्या वाटेने येत नाही हे मला माहीत आहे, मी काही अगदीच अडाणी नाही. पण धूळ तर येते! कव्हर कडेला चिकट होतं, घट्ट बसलं. मी मागे सरून बघितलं आणि माझं मलाच बरं वाटलं.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोन आला.

"बाबा, ऐका. आमच्या सरांनी मला सुचवलंय. एक खेळण्यांचा कारखाना नवीन माणूस घेतोय. एकच जागा आहे. माझी बारा चित्रं आज पाचच्या आत पाठवायची आहेत. पाचला त्यांचा फॉर्म आपोआप बंद होतो."

"मग पाठव की."

"बाबा, चित्रं घरी आहेत."

"हो. सुरक्षित आहेत."

"माझ्याकडे पेनड्राइव्हवर प्रत होती, ती तुम्ही पुसलीत."

"ती सुरक्षिततेसाठीच पुसली."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला ही नोकरी खरंच हवी आहे. मगर त्यांना दाखवायची आहे मला."

"अर्ध्या तासात पाठवतो," मी म्हणालो. "तू बिनधास्त राहा."

आई नुकतीच वामकुक्षी संपवून चहा घेत होती. मी तिला घेऊन आलो, नोंदवहीत वेळ घातली, कारण लिहिलं: 'मगर व इतर अकरा.' माझा अर्धा टाकला. उठून भिंतीकडे तोंड केलं. आईने टकटक केलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर आलं: चूक. चार संधी शिल्लक.

"असं होणार नाही," आई म्हणाली.

"झालंय."

"या यंत्रावर कसलं कातडं चढवलंयस? मला बोटं ठेवायची जागा लागेना. दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यावरून मी हात मांडते. ते गेले कुठे?"

कव्हरने त्या उंचवट्यांवर पांघरूण घातलं होतं. मला हायसं वाटलं. कारण सापडलं, की उपाय सोपा! मी कव्हर उपटायला लागलो. डाव्या बाजूला ते असं काही चिकटलं होतं की मला कीबोर्डवर अंगठा रोवून जोर लावावा लागला. शेवटी सुटलं. मी माझा अर्धा पुन्हा टाकला, आईने तिचा टाकला.

चूक. तीन संधी शिल्लक.

आता मात्र मी भिंतीकडे राहू शकेना. मी आईच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"आई, तू वाकून बसतेस. पाठ सरळ ठेव."

"मी तेहतीस वर्षं अशीच बसले."

"तेव्हा टेबल वेगळं होतं. थांब, तुझ्याखाली उशी देतो."

मी एक उशी दिली. मग वाटलं, दोन हव्यात. दोन दिल्या. आईचे पाय जमिनीपासून सुटले. मग पायांखाली जाड पुस्तकं लावली. दिवा जवळ ओढला. खिडकी लावून घेतली, बाहेरच्या आवाजाने चित्त विचलित व्हायला नको म्हणून. चष्मा पुसून दिला, तो तिच्या नाकावर स्वतःच्या हाताने चढवला. आई हे सगळं सोसत होती. फक्त एकदा तिने माझ्याकडे मान वळवून बघितलं, आणि मला का कोण जाणे, मी पाचवीत असताना भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं तो दिवस आठवला.

माझा अर्धा. तिचा अर्धा.

चूक. दोन संधी शिल्लक.

तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काहीतरी मागची वाट असेलच," मी म्हणालो.

"होती सर. तुम्ही नको म्हणालात."

"मी नको म्हणालो म्हणून तुम्ही खरंच ठेवली नाहीत?"

"नाही सर." मग तो म्हणाला, "प्रत आहे का कुठे?"

मी फोन ठेवला. काही प्रश्न माणसाने विचारायचे नसतात.

बायकोला फोन केला. ती खोक्यांच्या ढिगाऱ्यात असावी, मागून कोणीतरी आरसा जपून न्या म्हणून ओरडत होतं. मी थोडक्यात सांगितलं. ती रागावली नाही. ती रागावत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"माझा अर्धा आता चालणार नाही," ती म्हणाली. "मी दिल्यावर आईंनी लगेच बदलला. तुमचाच नियम."

"ते माहीत आहे गं. पण आता काय करू?"

"तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"आईच्या मागे."

"तिथून जा. आई शब्द स्वतःशी पुटपुटतात आणि मग टाइप करतात. मी पाहिलंय. त्यांना कोर्टाची सवय आहे, कानावर पडल्याशिवाय त्यांची बोटं हलत नाहीत. तुम्ही मागे उभे राहिलात तर त्या पुटपुटणार कशा? गुपित आहे ना?"

विज्ञानाच्या माणसाचं हे असं असतं. मला पटलं. मी माझा अर्धा टाकला, आईला म्हणालो, "मी स्वयंपाकघरात जातो, दारही लावतो, तू खुशाल मोठ्याने म्हण," आणि जाऊन फ्रीजकडे तोंड करून उभा राहिलो. कानांत बोटं घातली. एवढी सचोटी बावीस वर्षांच्या नोकरीशिवाय येत नाही.

थोड्या वेळाने आई दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"एक शिल्लक," ती म्हणाली.

आम्ही दोघं परत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. पुढची चूक म्हणजे बाराच्या बारा चित्रं गेली, मगरीच्या शेपटीसकट. आणि ती मीच घालवणार होतो, कुठल्या व्हायरसने नव्हे. जगातल्या सगळ्यात वाईट व्हायरसला जे जमलं नसतं त्याची सगळी तयारी मी नोंदवही आखून केली होती. मला मुलीचा आवाज आठवत होता आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"आई, तू विसरलीस का शब्द? विसरली असशील तर सांग. वय झालंय, कोणी रागावणार नाही."

आई ताठ झाली. "शब्द मी विसरणं शक्य नाही."

"मग मला सांग, त्यातलं पहिलं अक्षर कुठल्या कळेवर आहे? मी हळूहळू शोधून टाकतो."

तिने हवेत दोन्ही हात धरले, बोटं हलवली, थांबली, पुन्हा हलवली. "सांगता येत नाही रे. मला माहीतच नाही. बोटांना माहीत आहे."

चार वाजून वीस मिनिटं. मुलीचा फोन आला. मी तिला सगळं सांगून टाकलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. "आजीला द्या फोन," म्हणाली. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"आजी, घाई करू नकोस. जे होईल ते होईल."

"गप्प बस," आई म्हणाली. "जे होईल ते कोर्टात म्हणायचं नसतं." आणि एकदम तिने कीबोर्डवर वाकून मी चिकटवलेल्या त्या 'परवानगीशिवाय हात लावू नये' चिठ्ठीकडे बोट केलं. "याच्याखाली काय चमकतंय?"

मी बघितलं. कागदामागून एक हिरवा ठिपका दिसत होता. मी चिठ्ठी खरवडून काढली. खाली दिवा लागलेला.

"कॅपिटलची कळ," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"म्हणजे आमच्या यंत्रावरचं शिफ्ट लॉक," आई म्हणाली. "ते अडकलं असेल तर पुढचं सगळं वेगळं उमटतं. नव्या टायपिस्टला पहिल्या दिवशी सांगतात, आधी ते बघ. कधी अडकलं हे?"

मी डाव्या कडेला बघितलं. कळ होती तिथेच, ज्या जागी कव्हर उपटताना मी अंगठा रोवला होता. म्हणजे आईची पाठ वाकलेली नव्हती, उशा लागत नव्हत्या, खिडकीतून आवाज येत नव्हता, वयही झालेलं नव्हतं. तीन संधी मीच खाल्ल्या होत्या, आणि त्यासाठी तिच्या नाकावर चष्मा चढवला होता.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "काय झालं?"

"सापडलं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचा अंगठा."

मी कळ दाबून दिवा घालवला. आईने उशा काढून फेकल्या, पुस्तकं पायाने सरकवली, खिडकी उघडली. मग मी माझा अर्धा टाकला, एकेका अक्षराला तीन तीनदा बघून. आणि भिंतीकडे वळणार तोच आई म्हणाली, "थांब."

"काय?"

"ही शेवटची प्रत. यात खाडाखोड चालायची नाही. मी पुटपुटण्यावर भरवसा ठेवणार नाही. मला कोणीतरी नीट वाचून दाखवायला हवं, स्पष्ट, कोर्टात दाखवायचे तसं. मग हात आपोआप चालतो."

"पण मग तुझा अर्धा मला कळेल."

"कळेल."

"नियम..." मी म्हणालो, आणि तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यानंतर पुढचं वाक्य मी गिळलं. "मोडू दे नियम. सांग शब्द."

आता मात्र आई घुटमळली. इतका वेळ न डगमगलेली बाई साडीचा पदर चाळवायला लागली. मला वाटलं, नियम मोडण्याचं वाईट वाटतंय तिला. मी म्हणालो, "अगं, मीच परवानगी देतोय ना." तिने एक सुस्कारा टाकला, नोंदवहीच्या मागच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला.

मी घड्या उलगडल्या. वाचलं. पुन्हा वाचलं.

"वाच," आई म्हणाली. तिने हात मांडले होते, डोळे समोरच्या भिंतीवर.

"आई, हे..."

"वाच. पाचला फॉर्म बंद होतो."

मी घसा साफ केला. "लुडबुड्या," मी म्हणालो.

"पुटपुटू नकोस. न्यायाधीशसाहेब दाराबाहेर ऐकू जाईल असं बोलायचे. आणि आधी एकदा टेबलावर सराव करू दे. पहिल्यापासून."

"लुडबुड्या!" मी मोठ्याने म्हणालो. तिची बोटं टेबलाच्या लाकडावर सुरेख धावली.

"पुढे?"

"मेला."

"सलग वाच."

"लुडबुड्या मेला."

फोनमधून मुलगी आधी खोकली. मग तो खोकला नाही हे माझ्या लक्षात आलं.

"आठ तरी अक्षरं हवीत असं तूच म्हणालास," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "एका शब्दात सात आली असती का आठ, मला मोजता येईना. म्हणून 'मेला' जोडलं. वाईट वाटून घेऊ नकोस. पाचवीत घड्याळ उघडलंस तेव्हापासून मनात होतं."

टेबलावर तिने माझ्याकडून ते चार वेळा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा माझा वेग जास्त झाला होता, तिसऱ्यांदा 'ड्या'वर जोर कमी पडला. शेजारच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. माझी सोसायची तयारी होती. मगरीसाठी माणूस काय काय करतो!

"आता खरं," आई म्हणाली आणि हात कीबोर्डवर नेले. मी कागद समोर धरला, छाती भरून श्वास घेतला आणि स्वतःबद्दलचा तो निकाल खणखणीत आवाजात वाचून दाखवला. आईची दहा बोटं एकदाही अडखळली नाहीत. एंटर.

कॉम्प्युटर उघडला.

आई खुर्चीला टेकली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनेही तो झटकला नाही. मग मी कपाटाकडे धावलो, इंटरनेटची वायर काढली, ती उलटी लावली, सुलटी लावली. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी पहिलं चित्र मुलीकडे निघालं; ती ते आलं की लगेच फॉर्मला जोडत होती. मगर मी मुद्दाम सगळ्यांत आधी पाठवली. चार सत्तावन्नला बारावं गेलं आणि मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, पोहोचलं. सगळं पोहोचलं." मग ती रडली, आई रडली, आणि माझ्या नाकात उगाचच काहीतरी गेलं.

आठवड्याने तिला बोलावणं आलं. ती आता त्या कारखान्यात आहे, आणि मगर दुकानात दिसायला लागली आहे. दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशीच येऊन गेला. पुसून जाण्याची ती भानगड त्याने काढून टाकली, आणि फायलींच्या दोन प्रती माझ्या देखत काढल्या. एक आईच्या कपाटात असते, एक बायकोच्या शाळेत. प्रत निघताना मी डोळे मिटून घेतले होते, पण काढू दिली. अँटिव्हायरस रोज आपलं आपण अपडेट होतं. दोन किल्ल्या मात्र आम्ही ठेवल्या आहेत. मुख्य म्हणजे, आईनेच सोडायला नकार दिला.

आणि आईचा अर्धा मला, मुलीला आणि शेजाऱ्यांना कळला होता, म्हणजे तो बदलणं भागच होतं. त्या शनिवारी संध्याकाळीच आईने आधी बायकोला फोन केला. आत जाऊन, दार लावून, चांगला पाऊण तास. बाहेर आली तेव्हा चेहरा प्रसन्न होता. मी माझा अर्धा टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मागे टकटक सुरू झाली. जुना अर्धा बारा-तेरा ठोक्यांचा होता, कान आता तयार झाले आहेत माझे. मी सहज मोजायला लागलो. तेरा झाले, वीस झाले, सत्तावीस झाले, तरी थांबेना.

बेचाळिसाव्या ठोक्याला एंटर वाजलं. एकदाही पुटपुटणं ऐकू आलं नाही, आणि वाचून दाखवायलाही कोणी लागलं नाही; माझ्याबद्दलचा हा नवा निकाल तिला तोंडपाठच असावा.